नऊ जणींच्या सह्या

"हे बघा मावशी, पहिलंच नाव तुमचं," म्हणत तुषारने वही पुढे सरकवली, तरी पुतळीने हातातलं सूप खाली ठेवलं नाही. नागली पाखडता पाखडता तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. 'पु'चं पोट जरा मोठंच आलं होतं. लिहितानाच तिला ते खटकलं होतं.

"माझा नाव मना काय दाखवतोस? मीच लिव्हलाय ना तो."

"तेच तर." तुषारने मागे वळून पाहिलं. अंगणात त्याच्या मोटरसायकलीखेरीज कोणी नव्हतं. "नऊच्या नऊ नावं तुम्हीच लिहिलीत. उद्या ते बोलायचं नाही. उद्या अकराला मॅडम येतायत मशीनवर. कारखाने तपासायला असतात ना, त्या. विचारतील, या सह्या कोणाच्या? म्हणायचं, जिची तिची. ट्रेनिंग झालं? झालं. हेल्मेट मिळालं? मिळालं. संपलं."

तुषार म्हणजे खडी मशीनवरचा सुपरवायझर. राहणारा जव्हारचा, बोलायला गुळाचा खडा. मशीन मोखाड्याच्या रस्त्याला, डोंगर कापून बसवलेलं. बिवळपाड्यापासून चालत तासाची वाट. पुतळी धरून पाड्यातल्या नऊ बाया तिथे कामाला जात आणि त्यांना नेणारी-आणणारी तीच. शेठ कधीतरी गाडीतून यायचा, काच खाली करून "काय मुकादमबाई?" म्हणायचा आणि काच वर करायचा. त्या 'मुकादमबाई'वर पुतळी आठ दिवस चालायची.

"आन माज्या सुनेचा, वर्षालीचा काय?" पुतळीने विचारलं.

"वहिनींचं वाईट झालं. आम्हाला काय आनंद आहे का?" तुषारने वहीचं पान थोपटलं. "पण वर काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंच असेल तेव्हा."

"वाचलाय."

"तरी परत ऐका." आणि त्याने शाळेतल्या पोरासारखं खणखणीत वाचलं, "'मला सुरक्षेचे प्रशिक्षण मिळाले आहे. हेल्मेट, हातमोजे व मास्क मिळाले आहेत. चालू पट्ट्याजवळ सैल कापड घालून मी जाणार नाही. गेल्यास होणाऱ्या इजेस मी स्वतः जबाबदार राहीन.' सैल कापड म्हणजे तुमची खांद्यावरची फडकी, मावशी. आता वहिनींना समज दिलेली, त्यांची सही आहे, तरी त्या फडकी घेऊन गेल्या. मग चूक कोणाची?"

सूप थांबलं. वरचा कोंडा सुपाच्या कडेवरून पुतळीच्या पायावर सांडला.

"चौकशीपुरतं मशीन बंद ठेवलंय. सरळ गेली तर सोमवारी चालू," तुषार उठता उठता म्हणाला. "वाकडी गेली तर सील. मग तुमच्या बाया निघाल्या भिवंडीला, वीटभट्टीवर. वाघबारशीचा सण झाला, ट्रक तर फिरायलाच लागलेत. पाडा तुमच्या शब्दावर आहे, मुकादमबाई."

तो गेला तरी पुतळी कोंड्यात पाय घेऊन बसून राहिली. त्या पानावर वर असं काही लिहिलेलं आहे, हे ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

कारण पुतळीला वाचता येत नव्हतं.

हे पाड्यात कोणाला ठाऊक नव्हतं. नवऱ्याला, सुकऱ्याला ठाऊक होतं. तो दहा वर्षांमागे गेला आणि ती गोष्ट बरोबर घेऊन गेला. साक्षरतेचे वर्ग आले तेव्हा पुतळी पंचविशीत होती. इतर बाया चार दिवस येऊन हसून गेल्या, ही हट्टाने बसली. अक्षरं आली, नाव लिहिता आलं. मग गुरुजींकडून तिने आणखी नावं पाटीवर काढून घेतली आणि रांगोळी गिरवावी तशी गिरवून हातात बसवली. लिहिणं हाताला आलं, वाचणं डोळ्याला कधी आलं नाही. छापील कागद समोर धरला की अक्षरं बाजारातल्या माणसांसारखी दिसायची. एकेक तोंड ओळखीचं, पण कोण कोणाच्या घरचं ते कळायचं नाही.

पण पुतळी वर्गात शेवटपर्यंत बसली म्हणजे तिला वाचता येतं, हे पाड्याने परस्पर धरून टाकलं, आणि तिनेही तो समज मोडू दिला नाही. रेशनच्या दुकानात ती आधी दुकानदाराला विचारून घ्यायची, "काय रं, या महिन्याला काय देतोस?" मग पाड्यात येऊन कागद हातभर लांब धरून सांगायची, "तांदूळ हाय, साखर नाय." गोदी कौतुकाने म्हणायची, "आपली पुतळीबाय मास्तरीणच झाली असती." यावर पुतळी नाक उडवायची. "मास्तरीण होऊन काय, तुज्यासारखी ढोरा हाकायची?"

म्हणून शिमग्याच्या सुमारास तुषारने ती वही आणली, तेव्हा पुतळीला आभाळ ठेंगणं झालं होतं. त्या दिवशी खोक्यातून नऊ पिवळी हेल्मेटं निघाली. प्लॅस्टिक तसंच. बायांना ओळीत उभं केलं, पुतळीने एकेकीच्या हनुवटीखालचा पट्टा ओढून दिला, चैतीला "दात झाक" म्हणून दटावलं, तुषारने मोबाइलवर फोटो काढला. मग हेल्मेटं पुन्हा खोक्यात गेली. ट्रेनिंग झालं ते एवढंच. चहा आणि बिस्किटं मात्र मिळाली.

"आता सगळ्यांचे अंगठे घेऊ," तुषार म्हणाला होता.

"अंगठे कशाला?" पुतळी उसळलीच. "मी बसलेय ना. आमच्या पाड्याचा अंगठा नाय लागायचा कुठं."

आणि तिने लिहिलं. एकेक नाव, मान वाकडी करून, जिभेचं टोक दातात धरून. वर्षाली दहावी झालेली, ती म्हणाली होती, "आत्या, माझी मी करते. वर काय हाय ते तरी बघते." पुतळी म्हणाली, "तू बस चहा पीत. मी मेले नाय अजून." बाया भोवती उभ्या राहून पाहत होत्या. अर्धी दुपार गेली. मनगट दुखलं. तो दिवस पुतळीला फार आवडला होता.

आता संध्याकाळचं पाणी भरायची वेळ झाली. पुतळी हंडा घेऊन बोअरवर गेली, तशी तिथली कुजबुज थांबली. हे दोन महिने असंच चाललं होतं. भाद्रपद सरताना वर्षालीचा हात गेला, उजवा, कोपराच्या वरून. नाशिकच्या दवाखान्यातून पुतळीच्या लेकाने, अर्जुनने, बायकोला परस्पर साखरशेतला, तिच्या माहेरी नेलं. पोरीला, टीनालाही मागवून घेतलं. दवाखान्याच्या जिन्यात तो आईला एवढंच बोलला होता, "आई, तू घरी जा." पुतळीने लेकाचं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा.

चैतीने दांडा सोडून तिला जागा दिली. शेजारघरची चैती, पुतळीशी भांडायला पुरून उरेल अशी हीच एक.

"आला होता ना तुषार?" चैती म्हणाली. "आमच्याकडं बी आला. जिची तिची सही म्हनायचा. माना हालवायची, झाला."

"तू हालव मान. तुला त्याच्याबिगर येतंय काय?"

"हालवीन. हजार वेळा हालवीन." चैतीने कमरेवर हात ठेवले. "माझी पोरा शाळंत जात्यात, पुतळीबाय. भट्टीवर गेली का सहा महिने शाळा गेली. तुज्या घरात आता शाळंत जायाला कोन हाय?"

गोदीने चैतीचा दंड ओढला. पण बोलणं गेलं ते गेलंच.

पुतळीने हंडा भरला. खाली मान घालून ती दांडा हापसत राहिली, तशी गोदीच घाबरली. "पुतळीबाय, तसं नाय म्हनत ती. सून तर आता बसून खायाची. दोन हात शाबूत असते तर गोष्ट येगळी. आता एकीसाठी सगळा पाडा कशाला उठवायचा?"

"तुमचा झाला बोलून?" पुतळी म्हणाली. "मग वाटेतून सरा."

घरी येऊन तिने चूल पेटवली. एकटीपुरती भाकरी करायला तिला अजून जमत नव्हतं. पीठ मळताना हात चौघांचं घ्यायचे. दोन भाकऱ्या ती दुसऱ्या दिवशी गुरांना घालायची आणि पाड्याला ऐकू जाईल अशी गुरांवर ओरडायची.

तो दिवस तिने कोणापुढे काढला नव्हता. पण भाकरी भाजताना तो रोज चुलीपाशी येऊन बसायचा.

मशीनवर बायांचं काम पट्ट्याखालचं. दगड जबड्यात जातो, खडी होऊन पट्ट्यावरून वर चढते, आणि चढताना सांडते. ती सांडलेली खडी आणि चुरी फावड्याने ओढायची, घमेल्यात भरायची. पट्टा जिथे खाली वळसा घेतो, तिथे लोखंडी रूळ फिरत असतो. त्या रुळापुढे आधी जाळी होती. ओल्या चुरीने ती तुंबायची, मग पट्टा बंद करून खरवडावी लागायची. तेवढा वेळ डंपर खोळंबायचे. म्हणून उन्हाळ्यातच तुषारने जाळी काढायला लावली. ती केबिनीमागे पडून होती; बाया तिच्यावर भाकरीची गाठोडी ठेवायच्या. पुतळीने दोनदा म्हटलं होतं, "जाळी लाव रं बाबा." तुषार म्हणाला, "उद्या लावू." तिसऱ्यांदा तिने म्हटलं नाही. मुकादमबाई म्हणवून घेणाऱ्या माणसाजवळ रोज कटकट बरी दिसत नाही.

वर्षाली हुशार. तिने आपणहूनच फडकी सोडून दिली होती. अर्जुनचा जुना शर्ट लुगड्यावरून चढवायची, बाह्या मनगटाशी बंद, केस आवळून बांधलेले. इतर दिवशी पुतळी त्याकडे काणाडोळा करायची. पण त्या दिवशी पुतळीचाच थोरला दीर, ढवळू, मशीनवर रखवालदाराचं काम मिळतंय का पाहायला आला. कुळातला वडीलधारा माणूस. सुनेने त्याच्यापुढे खांद्यावर फडकी घेतल्याशिवाय उभं राहायचं नाही, ही रीत. आणि ही गड्याचा शर्ट घालून फावडं मारतेय, सात बाया बघतायत.

"सासरा उभा हाय अन् तू अशी?" पुतळी सगळ्यांदेखत कडाडली. "फडकी कुठाय तुझी?"

"गाठोड्यात हाय. आत्या, पट्ट्याशी नको ती. ओढून घेतो तो."

"तू लाज कोनाची धरतीस, पट्ट्याची का सासऱ्याची?"

बाया हसल्या. ढवळू बिचारा "ऱ्हाऊ दे गं" म्हणत होता. वर्षालीने गाठोड्यातून फडकी काढली, खांद्यावरून घेतली, पुढे गाठ मारली. सासूकडे पाहिलं नाही. ढवळू रस्त्याला लागला तरी तिने ती काढली नाही. आता काढली तर पुन्हा बोलणं खावं लागणार. आणि रुळापाशी चुरी ओढायला वाकली.

बंद करायचं बटण केबिनीत होतं. केबिन चाळीस पावलांवर. तुषार फोनवर बोलत होता.

भाकरी करपली. पुतळीने ती तव्यावरून काढून बाजूला ठेवली आणि दुसरी थापली.

सकाळी ती नवं लुगडं नेसून निघाली. एकटीच. बाया पुढे गेल्या होत्या, त्यांनी हाक मारली नव्हती.

मशीन बंद असलं की डोंगर किती गप्प असतो ते तिला पहिल्यांदाच कळलं. शेडखाली टेबल मांडलं होतं. शेठ आला होता, गाडीबाहेर उभा. मॅडम तिच्या अर्जुनच्या वयाच्या, पायात बूट, सलवारीवर पांढरी धूळ. त्या टेबलापाशी नव्हत्याच. पट्ट्याखाली उकिडव्या बसून रुळाचे फोटो काढत होत्या. रुळापुढे जाळी होती. हिरवीगार. मॅडमनी तिच्यावर बोट टेकवलं आणि बोट पाहिलं. बोटाला रंग लागला होता.

"रंग तेवढा नवीन दिलाय मॅडम," तुषार म्हणाला. "जाळी पहिल्यापासून आहे."

मॅडमनी रुमालाला बोट पुसलं, वहीत काहीतरी लिहिलं.

आणि तेव्हा पुतळीला वर्षाली दिसली. शेडच्या टोकाला खुर्चीवर बसली होती, शेजारी अर्जुन उभा. अंगात अर्जुनचाच शर्ट. उजवी बाही दुमडून सेफ्टी पिनेने खांद्याला लावलेली. तोंड वाळलेलं. केस कोणीतरी बांधून दिलेले, सैलसर. पुतळीची नजर त्या दुमडलेल्या बाहीवर गेली, तशी तिने ती झटकन उचलून डोंगरावर ठेवली.

मॅडमनी बायांना एकेक करून बोलावलं. गोदीला विचारलं, "ही सही कोणाची?"

"माझी. जिची तिची," गोदी म्हणाली आणि पदराआड हसली.

चैतीला विचारलं. चैतीने मॅडमकडे न पाहता म्हटलं, "जिची तिची."

मग पुतळी.

"नाव?"

"पुतळी सुकऱ्या."

"शिक्षण किती झालंय?"

पुतळी बोलायच्या आत तुषार पुढे झाला. "शिकलेल्या आहेत मॅडम. पाड्यातले सगळे कागद मुकादमबाईच वाचतात. विचारा कोणालाही."

"हो, वाचती ना," गोदी मागून म्हणाली. "मास्तरणीसारखी वाचती."

मॅडमनी वही तिच्याकडे फिरवली. "असं? मग सह्यांच्या वर काय लिहिलंय ते वाचून दाखवा."

पुतळीने वही जवळ ओढली. अक्षरं होती तशीच उभी होती. पण आता त्यांची तिला गरज नव्हती. काल तुषारने एकदाच वाचलं होतं आणि तिला शब्दन् शब्द पाठ झाला होता. मला सुरक्षेचे प्रशिक्षण मिळाले आहे. बोट ओळीवरून सरकवत घडाघडा म्हटलं असतं. पाडा ऐकत राहिला असता. चैतीचं तोंड बंद झालं असतं. सोमवारी मशीन सुरू झालं असतं, पोरं शाळेत गेली असती, आणि शेठने काच खाली केली असती.

तिने बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. बोट तिथेच राहिलं.

"मना वाचता येत नाय," पुतळी म्हणाली.

मागे कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या. 

"काय?" मॅडम म्हणाल्या.

"वाचता येत नाय. कधीच येत नव्हता. नावा लिव्हता येतात. नऊ." तिचा आवाज नेहमीसारखाच करडा होता, जणू दुसऱ्या कोणाला झापतेय. "या सगळ्या सह्या माझ्या हातच्या. वर काय हाय ते मना ठाव नव्हता. काल यानं घरी येऊन वाचला तवा समजला."

"मावशी, भलतं काय बोलता?" तुषारचा गुळाचा खडा विरघळला. "मॅडम, सुनेसाठी खोटं बोलतायत त्या."

"कागद दे," पुतळी म्हणाली.

मॅडमनी कोरा कागद दिला. पुतळी वाकली. मान वाकडी झाली, जिभेचं टोक दातात गेलं. एकामागून एक तिने नऊ नावं काढली. चैतीचं काढलं, गोदीचं काढलं. वर्षालीचं काढताना 'र्षा'पाशी तिचा हात नेहमी अडखळायचा, तसा आताही अडखळला. मॅडमनी तो कागद वहीशेजारी ठेवला. वहीतही हात तिथेच अडखळला होता.

"हेल्मेटं?"

"फोटोपुरती घातली. खोक्यात हायेत. प्लॅस्टिक बी निघाला नाय."

"जाळी?"

"केबिनीमागं पडली होती. उन्हाळ्यापासून. आमी भाकर ठेवत होतो तिच्यावर."

शेठने गाडीचं दार उघडलं आणि तसंच धरून उभा राहिला. तुषार घाईघाईने म्हणाला, "ते असू दे मॅडम. पण वहिनींनी फडकी घातली होती की नाही? आम्ही तोंडी सांगितलं होतं, नको म्हणून. शर्ट घालून यायच्या त्या रोज. त्याच दिवशी का घातली फडकी? विचारा त्यांना."

मॅडमनी वर्षालीकडे पाहिलं. वर्षालीने खाली पाहिलं. ती काही सांगणार नव्हती, हे पुतळीला दिसलं. दवाखान्यात सांगितलं नव्हतं, पोलिसाला सांगितलं नव्हतं, इथेही नाही सांगणार. सासूचं नाव तिच्या तोंडून निघणार नव्हतं. हे पुतळीला हातापेक्षाही जास्त लागलं.

"मी घालाया लावली," ती म्हणाली. "ती नको बोलत होती. ओढून घेईल बोलली. मी चारचौघांत लाज काढली तिची. माझा दीर उभा होता म्हनून. तिची चूक नाय. माझी हाय."

"ऐकलंत?" तुषार म्हणाला. "घरातल्या घरातलं प्रकरण आहे मॅडम. याच्यात कंपनीचा काय दोष?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या पुतळीशी बोलल्या, तुषारशी नाही. "मावशी, फडकी असो, पदर असो, वेणी असो. एखादी घसरून पडली असती तरी हात तिथेच गेला असता. फिरत्या रुळावर जाळी हवी. ती मालकाने बसवायची, आणि पट्टा चालू असताना तिथे कोणाला पाठवायचं नाही, हेही मालकानेच बघायचं. माणसाच्या हातून चूक होणार, हे धरूनच कायदा जाळी मागतो. जाळी काढणारा सुटत नाही."

"मग माझा काय?"

"तुमचं काय?"

"माज्यासाठी काय हाय त्याच्यात? कायद्यात."

मॅडमना तिचं म्हणणं कळायला थोडा वेळ लागला. मग त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्यासाठी यात काही कलम नाही, मावशी."

पुतळी उभी राहिली. कोणी मारलं असतं तर तिने परत मारलं असतं. कोणी बोललं असतं तर बोलली असती. पण एवढ्या मोठ्या कायद्यात तिच्यापुरती एक ओळ नव्हती. ती बाजूला झाली आणि खडीच्या ढिगाला टेकून राहिली.

पुढे मॅडमनी बरंच लिहिलं. अर्जुनला त्यांनी सांगितलं की अपघात मालकाने ताबडतोब कळवायला हवा होता, तो कळवलाच नव्हता; तो दोन महिन्यांनी पोलिसांच्या कागदावरून त्यांच्यापर्यंत पोचला होता. आता सगळं नोंदलं गेलंय, वर्षालीचा हक्क आता कोणाला वहीतल्या सह्या दाखवून उडवता येणार नाही. नऊही सह्या एकाच हातच्या आहेत, हे त्यांनी जबाबात मुद्दाम लिहून घेतलं. मशीनच्या स्वीचबोर्डावर कागद चिकटला, लाखेचा ठसा बसला. बाया पाड्याकडे निघालेल्या टेम्पोत चढल्या. पुतळी चढायला गेली नाही. टेम्पोही थांबला नाही.

अर्जुन आणि वर्षाली जीपची वाट पाहत रस्त्याच्या कडेला उभे होते. पुतळीला त्यांच्यासमोरूनच जायचं होतं. ती जवळ आली तसा अर्जुन जीप येतेय का ते पाहायला दोन पावलं पुढे सरकला.

"हात दुखतो का?" पुतळीने विचारलं. विचारल्यावर तिला कळलं, आपण कुठला हात म्हणालो.

"दुखतो," वर्षाली म्हणाली. "नाय तिथंच दुखतो."



"आत्या," वर्षाली म्हणाली, "टीनाचं दप्तर घरी राहिलंय. धाडून द्या. साखरशेतच्या शाळेत नाव घातलंय तिचं."

"धाडते," पुतळी म्हणाली.

जीप आली. अर्जुनने बायकोला काखेत धरून वर चढवलं. दार लागण्याआधी वर्षालीने डाव्या हाताने, सवय नसलेल्या हाताने, पदर सारखा केला आणि सासूकडे एकदा पाहिलं. राग नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पुतळीने जीपवाल्याकडे दप्तर दिलं. आत काहीतरी घालावं म्हणून तिने गूळ बांधून घेतला होता, तो तिने शेवटच्या क्षणी काढून घेतला.

सोमवारी पाड्याखालच्या वळणावर भिवंडीचा ट्रक लागला. मशीनला सील होतं, थांबून कोणाचं पोट भरणार नव्हतं. उजाडताना भांड्यांचा आवाज, पोरांची रडारड, म्हाताऱ्यांना हाका, सगळं पुतळीने आपल्या दाराआडून ऐकलं. दर वर्षी कोण कुठे बसेल, कोणाचं बोचकं कुठे जाईल, ते तीच ठरवायची. या वर्षी कोणीतरी ठरवलं. "पुतळीबाय, येतो गं" असं कोणी म्हणालं नाही. ढवळूसुद्धा गेला, लेकाबरोबर. ट्रक घाटाला लागल्याचा आवाज आला, मग तोही डोंगरामागे गेला.

ऊन ओट्यावर आलं तेव्हा तिने दार उघडलं.

ओट्यावर एक डालगं उपडं घातलेलं होतं, वर दगड ठेवलेला. आत काहीतरी कुरकुरत होतं. डालगं चैतीचं, त्याची तुटलेली कड पुतळी ओळखत होती. शेजारी फडक्यात मूठभर कण्या बांधलेल्या. बाकी काही नाही, निरोप नाही.

"बघ चैतीची रीत," पुतळी मोठ्याने म्हणाली. "तोंड उघडायला जड आन कोंबड्या सोडायला हलकी."

ऐकायला कोणी नव्हतं. तिने दगड काढला, डालगं उचललं. चार कोंबड्या आणि एक कोंबडा. बाहेर पडून त्यांनी माना झटकल्या आणि सरळ निघाल्या, पुतळीचं अंगण ओलांडून चैतीच्या घराकडे. तिथे कडी लावलेल्या दारापुढे जाऊन थांबल्या.

पुतळीने हाका मारल्या. कण्या फेकल्या. काठी आपटून हाकलून आणल्या, तर त्या वळसा घालून पुन्हा तिथेच. "मुडद्यांनो, ती गेली," तिने सांगून पाहिलं. "सहा महिने नाय येत ती." कोंबड्या दाराच्या फटीशी माती उकरत राहिल्या.

दुपार कलली. वर घार फिरत होती.

पुतळीने कण्यांचं फडकं उचललं, अंगण ओलांडलं आणि चैतीच्या ओट्यावर, बंद दाराला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन बसली.